आत्यांच्या हाताशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. सहा आठवडे गोठा कसा चालवू?

करहाकाठ (सोमवार, रात्री ९.५०)

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, पण घरचं सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण तुम्हाला कळायची नाही.

आमचं घर पुरंदर तालुक्यात, सासवड आणि जेजुरीच्या मधल्या पट्ट्यात. रान अडीच एकर. एक एकर सीताफळ, बाकी मका, हत्तीघास, आणि पाऊस बरा झाला तर थोडा वाटाणा. पण घरखर्च निघतो तो गोठ्यातूनच. चार एचएफ (होल्स्टिन) गाया आहेत, त्यातल्या तीन दुधात, एक आटवलेली. दोन कालवडी. म्हैस एकच, मैना, तिला श्रावणात पारडी झाली. शिवाय सहा उस्मानाबादी शेळ्या. माणसं सहा: सासरे, सासूबाई, हे, मी, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. माझं माहेर पुण्यात, पेठेत. लग्नाला सतरा वर्षं झाली. गोठ्यातलं जे काही येतं ते सगळं आत्यांनी शिकवलं.

पहाटे साडेचारला हे गोठ्यात दिवा लावतात. दिवा लागला की जनावरं उठतात आणि उठल्या उठल्या शेण टाकतात. ते तेव्हाच ओढावं लागतं, नाहीतर एखादी परत बसली की कास भरते. तोवर मी पेंड भिजवते, मक्याचा भरडा आणि भुसा मिसळते, वर खनिज मिश्रण टाकते. गायांना दोन वर्षांपूर्वी मशीन घेतलं, त्यामुळे तीन गाया पाऊण तासात होतात. साडेसहाच्या आत कॅन केंद्रावर पोचवायचे. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागली तर पूर्ण दर, पॉइंट खाली आला की कापला. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, त्यातून पेंडेचं बिल आधी वजा होतं.

हे दूध घालून येईपर्यंत मी चूल-गॅस दोन्ही पेटवलेलं असतं. मुलगा शाळेत जायच्या आधी कुट्टी करून ठेवतो, पण ते लाईटवर. एक आठवडा थ्री फेज दिवसा, एक आठवडा रात्री. रातपाळीच्या आठवड्यात हे रात्री बाराला कुट्टी करतात आणि विहिरीवरची मोटरही तेव्हाच चालू करतात. मुलगी करडांना आयांकडे सोडते आणि पोट भरलं की परत कोंडते. हे काम तिचं तिनेच घेतलंय, दुसऱ्या कुणी केलेलं तिला चालत नाही. मामा नऊला शेळ्या घेऊन माळाला जातात. दुपारी वैरण कापायची, वाहायची, पाणी दाखवायचं, आणि पाचला पुन्हा पहाटेचंच सगळं. सध्या सीताफळाची तोडणीही चालू आहे.

आता मैना. आत्यांनी तिला चाकणच्या बाजारातून पारडी असताना आणली, आता तिचं चौथं वेत. तिला मशीन चालत नाही, माझा हात चालत नाही, ह्यांचा तर मुळीच नाही. आत्या येऊन तिच्या पाठीवर थाप मारतात, पारडीला दोन घोट पिऊ देतात आणि काहीतरी बोलत राहतात. मग मैना डोळे अर्धे मिटून पान्हा सोडते. दोन्ही वेळचं मिळून सात लिटर.

दिवाळी झाली की आत्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पुण्यात. तारीख मिळाली, अजून चोवीस दिवस आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की नंतर उकिडवं बसायचं नाही, कायमचं. सहा आठवडे तर गोठ्यात पायच ठेवायचा नाही, ओल्या फरशीवर घसरल्या तर सगळंच वाया.

मागच्या वर्षी आत्या तीन दिवस लग्नाला गेल्या होत्या. मैनाने अर्धा लिटर दिलं आणि माझ्या हातातली चरवी लाथेने उडवली. दूध कासेत राहिलं, दगडी (कासेला सूज) झाली, आणि एक सड तेव्हापासून कमी झाला तो झालाच. त्यामुळे मला खरंच भीती वाटते. कुणी असं निभावलंय का? चोवीस दिवसांत काय करता येईल?

भीमथडी (सोमवार, रात्री १०.३५)

ताई, मी दौंडकडचा. आमच्याकडेही दोन म्हशी होत्या. तुम्हाला वाईट वाटेल, पण आधी हिशोब करून बघा. एका म्हशीसाठी रोज दोन वेळा एक माणूस अर्धा-पाऊण तास अडकतो. तेवढ्या वेळात मशीनवर दोन गाया होतात. तुमच्या घरात आता एक माणूस कमी होणार आणि आत्यांची सेवा वाढणार, म्हणजे दोन बाजूंनी ओढ. म्हैस दुधात आहे, पारडी खाली आहे, अशा वेळी किंमत चांगली येते. चाकणला शनिवारी घेऊन जा. त्या पैशात एक पहिलारू गाय येईल, जी पहिल्या दिवसापासून मशीनला लागेल.

आम्ही विकल्या तेव्हा घरात आठ दिवस कुणी नीट जेवलं नाही. पण नंतर माझ्या बायकोला दुपारी तासभर पाठ टेकता यायला लागली. ते मला जास्त मोलाचं वाटतं.

शिवनेरीचा पायथा (सोमवार, रात्री ११.१०)

विकायची घाई नको. आमच्याकडे, जुन्नरला, आजीची म्हैस अशीच होती. आजी आजारी पडली तेव्हा आईने आजीचं न धुतलेलं लुगडं अंगावर घेतलं आणि डोक्यावरून पदर ओढून बसली. म्हैस वास ओळखते, त्या अंधारात चेहरा कमीच. पहिल्या दिवशी निम्मं आलं, चौथ्या दिवशी जवळजवळ सगळं.

मात्र आई आधीपासून तिच्या अंगाला हात लावत होती, वैरण टाकत होती. एकदम परकं माणूस लुगडं नेसून गेलं तर काही उपयोग नाही. तुमच्याकडे चोवीस दिवस आहेत, ते घरात आत्या असताना वापरा.

एक चौकशी. पहाटे साडेचारला अंधारात गोठा उघडा असतो का? आमच्याकडे बिबट्यामुळे कंबरेइतक्या भिंतीवर छतापर्यंत जाळी मारून घेतली आहे, करडं तर रात्री पूर्ण बंद खोलीत. उसाच्या कडेला घर असेल तर हे आत्ताच करा. आत्या पुण्याला असताना रात्री घरात माणसं कमी असणार.

करहाकाठ (मंगळवार, दुपारी २.१५)

दोघांचेही आभार. आमच्या शेजारी ऊस नाही, पण शेळ्यांच्या खोलीला दार आहे आणि ते रात्री लावतोच. जाळीचं ह्यांना सांगते.

भीमथडी दादा, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण घरातली आहे. मैनाचं दूध केंद्रावर जात नाही. सासवडला चार घरी रतीब आहे, ऐंशी रुपये लिटरने. ते पैसे आत्यांचे. ह्यांच्या खात्यात नाही, मामांच्याही नाही. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून ह्या घरात राबल्या, सातबाऱ्यावर नाव नाही, दुधाचा पगार आधी मामांच्या नावे आणि आता ह्यांच्या. म्हशीचे पैसे मात्र पहिल्यापासून त्यांच्या डब्यात. माझ्या मुलीच्या कानातलं त्यातून झालं. माझी बाळंतपणं झाली तेव्हा डिंक-खारीक त्यातूनच आली. हे ऑपरेशन ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी डबा माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या पायाला माझे लाव."

मैना विकली तर गाय येईल आणि तिचं दूध केंद्रावर जाईल, पगार ह्यांच्या खात्यात. हे वाईट नाहीत, मागितले तर देतील. पण आत्यांना साठीनंतर मागायला लागेल. हे मला नको आहे.

माणदेशी लेक (मंगळवार, दुपारी ३.४०)

करहाकाठ ताई, तुमचा हा प्रतिसाद वाचून हातातलं काम थांबवलं.

माझी आई मेंढरं, म्हशी, कोंबड्या सगळं करायची. कंबरेचा त्रास झाल्यावर आम्ही भावंडांनी तिच्या भल्यासाठी सगळं बंद करून तिला पुण्यात आणलं. हडपसरला चांगलं घर आहे, लिफ्ट आहे, औषधं वेळेवर. ती पहाटे चारला उठते आणि बाल्कनीत बसून राहते. सहा वाजता विचारते, "धारा झाल्या असतील का गं?" कुणाच्या, कुठल्या, ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

कष्ट कमी करावेतच, ते नाकारत नाही मी. पण आम्ही कष्ट कमी करायला गेलो आणि तिचं कामच काढून घेतलं. उकिडवं बसता येणार नाही हे खरं. म्हणून त्या गोठ्यातल्या उरणारच नाहीत असं धरून चालू नका. बसून काय करता येईल ते आत्तापासून शोधा.

जुना पशुवैद्य (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. सर्व नोकरी पुणे जिल्ह्यातच झाली, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी हे का होतं ते नीट समजून घ्या. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध सडावरच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे मशीन लावलं की धार सुरू होते. म्हशीत हा हिस्सा जेमतेम शंभरात पाच. बाकीचं सगळं वर बारीक पिशव्यांमध्ये. ते खाली येण्यासाठी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं, त्यालाच आपण पान्हा म्हणतो. सडाला स्पर्श, पारडीचा चोखा, ओळखीचा आवाज, चरवीचा खणखणाट, पेंडेचा वास, ह्यातल्या कशानेही तो येऊ शकतो. उलट भीती वाटली, लाकूड उगारलं, परका माणूस खाली बसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि पान्हा अडतो. म्हैस हट्टीपणा करत नाही, तिच्या हातात ते नसतं. म्हणून रागावून काही होत नाही.

पान्हा आला की पाच ते सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार संपली पाहिजे. नवशिका हात हळू चालतो, मधेच पान्हा जातो आणि दूध मागे राहतं. मागच्या वर्षी तुमच्याकडे हेच झालं असावं. तेव्हा तुमचं पहिलं काम, ताई, हाताचा वेग. रोज एक गाय मशीनऐवजी हाताने पिळा. अंगठा मुडपून नाही, पूर्ण मुठीने. अंगठा मुडपला की सडाला आतून इजा होते.

आता चोवीस दिवसांचं. पहिला आठवडा तुम्ही फक्त मैनाची पेंड आणि पाणी सांभाळा. दुसऱ्या आठवड्यात आत्या पान्हा आणतील, पहिल्या दोन सडांची धार त्या काढतील, उरलेले तुम्ही. तिसऱ्या आठवड्यात आत्या उठून बाजूला उभ्या राहतील, पण तिथेच, बोलत. माणूस बदला, बाकी काहीही बदलू नका. वेळ तीच, चरवी तीच, जागा तीच, बोलणंसुद्धा शक्यतो तेच.

एका गोष्टीबद्दल कडक बोलतो. कुणीतरी तुम्हाला पान्ह्याचं इंजेक्शन आणून देईल. घेऊ नका. त्याची सवय लागली की म्हैस पुढे त्याशिवाय दूध देत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक ठरेल असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

दगडीसाठी: धारेआधी पहिल्या दोन पिळण्या काळ्या वाटीत घेऊन बघा, गाठी किंवा पाणी दिसलं तर तो सड वेगळा. धारेनंतर सड आयोडिनच्या पाण्यात बुडवा. मग लगेच वैरण टाका म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं, लगेच खाली बसली तर शेणातले जंतू आत शिरतात. काही बिघडलं तर १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो. पहिल्या दिवशीच करा, तिसऱ्या दिवशी नव्हे.

भीमथडी, तुम्ही दौंडचे म्हणून आठवलं: उसाचं वाढं (हिरवे शेंडे) किती घालता? वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधला जातो आणि व्यालेल्या गाई कॅल्शियम कमी होऊन बसतात. नुसत्या वाढ्यावर ठेवू नका.

पेठेतला वाचक (मंगळवार, रात्री ८.२०)

माझ्या घरी आजही म्हशीचं रतीबाचं दूध येतं. ते कुणाच्या तरी डब्यातले पैसे असतील, हे कधी मनात आलं नव्हतं. दोन प्रश्न आहेत. सहा आठवड्यांसाठी पगारी धारकाढ्या मिळत नाही का? आणि रतीबाच्या घरांना तुम्ही काय सांगणार?

करहाकाठ (मंगळवार, रात्री १०.००)

गडी मिळतो, पण तो सकाळी सातला येतो आणि पाच घरं करतो. रतीब सातला सासवडला पोचायचा असतो. आणि परका माणूस मैनाला चालणार नाही, डॉक्टरांनी लिहिलंच आहे.

रतीबाच्या घरी मी आजच सांगून आले. एक आजी म्हणाल्या, "दूध नसलं तरी पैसे ठरल्याप्रमाणे घेऊन जा, नातवाच्या वेळेला तुझ्या सासूने दिवसाआड चीक आणून दिला होता." पैसे अर्थातच घेणार नाही. पण घरी येऊन आत्यांना सांगितलं तर त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या.

पवनमावळ (बुधवार, सकाळी ११.३०)

जुना पशुवैद्य यांच्याशी बहुतेक सगळं पटतं. एवढंच सांगतो की म्हशीलाही मशीन चालतं. आमच्या तीन म्हशी मशीनवर आहेत. पण त्या पहिल्या वेतापासून लावल्यात. चौथ्या वेताच्या म्हशीला चोवीस दिवसांत शिकवायला जाऊ नका. ती पारडी मात्र आत्तापासून मशीनच्या आवाजात बांधा, पुढे सोपं जाईल.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या कापणीची. रोज वैरण कापून वाहणं हेच सर्वात जास्त वेळ खातं, धार नव्हे. तुमच्याकडे मका उभा आहे म्हणालात. कणसात दाणा दुधाळ सुटून जरा घट्ट व्हायला लागला असेल, साधारण पंचाहत्तर-ऐंशी दिवसांचा, तर त्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) करा. बारीक कुट्टी करून पिशवीत थर थर भरायचा, प्रत्येक थर पायाने चांगला तुडवायचा. हवा आत राहिली की बुरशी, एवढंच लक्षात ठेवा. तोंड घट्ट बांधून पंचेचाळीस दिवस. उंदरांपासून पिशव्या जपा, एक भोक पडलं तरी भोवतालचा सगळा भाग काळा पडतो.

आता भरलात तर ऑपरेशननंतर तीनेक आठवड्यांनी उघडेल, तुमच्या सर्वात थकव्याच्या काळात. उघडल्यावर एकदम पोटभर नको, दोन-तीन किलोपासून वाढवत न्या. आम्ही मुरघास करायला लागलो तेव्हापासून माझी मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात, आधी ती विळा घेऊन रानात असायची. तुमच्या नववीतल्याचं पुढचं वर्ष दहावीचं आहे.

भीमथडी (बुधवार, दुपारी १.००)

पैशाचं माहीत असतं तर मी विकायचं लिहिलंच नसतं. मागे घेतो.

डॉक्टर, वाढं निम्म्याहून जास्तच असतं. मागच्या वर्षी एक गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली होती, मान पोटाकडे वळवून. सलाईन दिल्यावर उठली. कारण आज कळलं.

करहाकाठ (अठरा दिवसांनी, रविवार, रात्री ९.१५)

उशीर झाला, दिवाळीही होती. काय काय झालं ते सांगते.

मका पवनमावळ दादांनी सांगितलं तसा भरला. दिवसभर सगळे तुडवत होतो, मामासुद्धा. मुलाने पिशव्यांवर खडूने तारखा घातल्या आहेत. उंदरांसाठी खाली फळ्या मांडून वर ठेवल्या.

मैनाचा पहिला आठवडा सोपा गेला, पेंड माझ्या हातून खायला लागली. दुसरा आठवडा फार वाईट. आत्या उठल्या आणि मी बसले की ती लगेच कास आखडून घ्यायची, हाताला कळतं ते. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी मी आत्यांची न धुतलेली साडी नेसून गेले. तिने मान वळवून मला हुंगलं, बराच वेळ. आणि पान्हा आला. पण मी अर्ध्यात असताना माझ्या बांगड्या चरवीवर आपटल्या आणि तिने पाय झाडला. आत्यांच्या हातात काचेच्या बांगड्या नसतात, पाटल्या असतात, त्या वाजत नाहीत. हे मला सतरा वर्षांत कधी दिसलं नव्हतं, म्हशीला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून धारेला बसताना बांगड्या काढून ठेवते.

मग वसुबारस आली. गाय-वासराची पूजा झाली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी आमच्यात दूध खात नाहीत. आत्यांनी गायीला ओवाळलं आणि मग निरांजन घेऊन मैनाकडे गेल्या, तिच्याही कपाळाला हळद-कुंकू लावलं. म्हैस काही वसुबारसेची नाही, पण त्या दरवर्षी लावतात. ह्या वर्षी तिच्याशी खूप वेळ हळू बोलत होत्या. मी जवळ गेले नाही.

आता पहाटे मी बसते, आत्या डोक्याशी उभ्या राहतात. पाच लिटरपर्यंत आलोय. येत्या गुरुवारी ऑपरेशन. आत्यांचा आवाज नसला की काय होईल ते बघायचंय.

शिवनेरीचा पायथा (रविवार, रात्री ९.५०)

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण करून बघा.

जुना पशुवैद्य (रविवार, रात्री १०.२०)

रेकॉर्डिंगने होईलच असं सांगत नाही, पण अपाय काही नाही. आवाज बारीक ठेवा. दूध दोन लिटर घटलं तरी घाबरू नका, कास रिकामी होतेय का एवढंच बघा. पिळून झाल्यावर चारही सड मऊ लागले पाहिजेत. आणि आत्यांना माझा नमस्कार सांगा.

माणदेशी लेक (सोमवार, सकाळी ७.३०)

आत्यांचं सगळं नीट होवो. बांगड्यांचं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? म्हस आंधळी असती का?" आणि मग अर्धा तास तिच्या म्हशींबद्दल बोलत होती. गेल्या दोन वर्षांत एवढी बोलली नव्हती. थँक यू ताई.

करहाकाठ (सात आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९.००)

बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं केलं. दहा दिवस आत्या माझ्या माहेरी पेठेत राहिल्या, टाके काढायला सोपं म्हणून. रोज पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचला फोन यायचा, "किती?" मी लिटर सांगायचे. पहिले चार दिवस अडीच-तीन लिटर, मी खरा आकडाच सांगायचे. एकदा वाटलं वाढवून सांगावं, पण त्यांना माझ्या आवाजावरून कळलं असतं.

रेकॉर्डिंगला मैनाने कान टवकारले, दोन दिवस फरक पडला, मग तिने लक्ष दिलं नाही. साडीचंही तसंच, आठवड्याने माझाच वास लागला असेल. मग एका पहाटे माझ्या लक्षात आलं की मी तोंड मिटून, घाबरून बसतेय. त्या दिवसापासून मी माझंच बोलायला लागले. काय बोलायचं सुचेना म्हणून पेठेतल्या घराबद्दल, तिथल्या नळाच्या वेळेबद्दल, आईबद्दल बोलायचे. ती डोळे मिटायला लागली. दगडी झाली नाही. रतीबाची दोन घरं चालू ठेवली, दोन थांबवली.

चौथ्या आठवड्यात मुरघास उघडला. वास आंबूस-गोड, रंग पिवळसर हिरवा. एक पिशवी कडेने खराब निघाली, ती उकिरड्यावर टाकली. बाकी गाया अशा तुटून पडल्या की हे बघतच राहिले. सध्या कापणी दिवसाआड. मुलगा संध्याकाळी गणित घेऊन ओसरीवर बसतो.

सहा आठवडे संपले तसं आत्यांनी गोठ्याचं नाव काढलं. ह्यांनी गव्हाणीच्या बाजूने कोरडा ओटा बांधला, खरबरीत कोबा, धरायला पाइप. जाळीही मारून झाली. ओट्यावर हातांची खुर्ची ठेवली. सोमवारी आत्या काठी टेकत आल्या. मैना आधी ओरडली नाही, नुसती बघत राहिली. मग मान लांब करून त्यांचा पदर तोंडात धरला आणि सोडेना. आत्या म्हणाल्या, "अगं, फाटंल."

आता त्या मांडीवर पाटी घेऊन तिला मूठमूठ पेंड चारतात आणि मी खाली बसते. त्या बोलतात, मीही बोलते. काल संध्याकाळी तीन लिटर सातशे. सकाळचं धरून सात लिटर दोनशे. उरलेल्या दोन घरांचा रतीब उद्यापासून परत सुरू.

आणि मुलीने ठरवलंय की हिशोब ती लिहिणार. कॅलेंडरवर रोजचे लिटर मांडते, महिन्याच्या शेवटी पैसे मोजून आजीच्या डब्यात टाकते. पारडी आम्ही मशीनशेजारीच बांधतो. आवाज झाला तरी आता कानही हलवत नाही.